स्टार्टरची पेटी

या आठवड्यात लाइन रात्रीची, बारा ते आठ.
सावद्याच्या वरच्या अंगाला, सातपुडा दिसतो तिथं,
आमची अडीच हजार खोडं अंधारात
कान टवकारून उभी होती पाण्यासाठी.
मी बॅटरी काखेत धरली, पेटीची कडी काढली,
हिरव्या बटणावर अंगठा टेकवला
आणि मोटारीआधी मीच चालू झालो.

पहिली गांधीलमाशी पापणीवर.
दुसरी कानामागे, आई तीट लावायची त्या जागी.
तिसरी मोजायला मी तिथं नव्हतो.
ठिबकच्या नळीत पाय अडकला,
एक चप्पल शेजारच्या शेतात गेली,
बॅटरी उताणी पडून आभाळात काहीतरी शोधत राहिली.
मोटार मात्र लागली होती.
एवढ्या धांदलीत अंगठ्यानं
आपलं काम उरकून घेतलं होतं.

सकाळी घड कापायला टोळी आली.
हुरबाई तडवीनं माझं तोंड पाहिलं
आणि पदर दातात धरला.
"भाऊ, डाव्या बाजूनं तुम्ही कोणी दुसरेच दिसता."
मग विळा उलटा धरून
पाठीकडचं गार लोखंड पापणीवर फिरवलं.
हालू नका, म्हणाली.
पात्याच्या इतक्या जवळ
मी आजवर इतका शहाण्यासारखा बसलो नव्हतो.
कानामागे चुना. पापणीला चुना चालत नाही,
ती तशीच राहिली, पिकल्या आवळ्यासारखी.

टोळीत लगेच ज्याचे त्याचे आकडे निघाले.
सुभानला पालच्या जंगलात आग्या मोहोळाच्या सतरा.
निनाजीला विंचू, दोनदा, आणि पाय तोच.
चिंधू म्हणाला, मला काही चावतच नाही.
त्याच्याशी मग जेवणापर्यंत कोणी बोललं नाही.

"रॉकेलचा बोळा लावा."
"पेटीत? करंटमध्ये?"
"मग धूर करा रे भो."
"अन् वायर वितळली तर तू भरशील?"

उजेडात मी एका डोळ्यानं पाहिलं.
फ्यूजच्या वर, उलटं टांगलेलं,
चहाच्या गाळणीएवढं करडं घर.
त्यावर अकरा जणी,
पिवळे पाय जुळवून, माझ्याकडे तोंड करून.
कागद कुठला तेही कळलं:
घडांना टेकू दिलेल्या माझ्याच बांबूंचा,
खरवडून, चावून, थुंकी लावून.
एका मापाची भोकं, एक वाकडं नाही.
याच पेटीत आमच्या वायरमनला
तीन वर्षांत एक वायर सरळ बसवता आली नव्हती.

बटण तर दाबायचंच होतं. बाग पाण्याला थांबत नाही.
घड डोक्यावर घेता घेता हुरबाई म्हणाली,
"कोणाच्या घरी जाताना कडी वाजवत नाही का तुम्ही?"
मी हसलो. पापणीला हसता आलं नाही.

तर रात्री बारा वाजता
माझ्या हातात पुरुषभर बांबू,
आणि मी माझ्याच पेटीच्या पत्र्यावर
हलकेच, तीनदा.
आत गुणगुण उठायची, वाढायची,
मग कूस बदलून कोणी परत झोपावं तशी बसायची.
मी शंभर मोजायचो.
मग बांबूचं टोक हिरव्या बटणावर,
आणि लांब कुठंतरी, विहिरीत,
पाणी पाइपात चढू लागायचं.

कार्तिकात थंडी पडली. पेटी गप्प.
एका दुपारी कडी काढली तर
घर तेवढं लोंबत होतं, माणसं नव्हती.
अलगद सोडवून तळहातावर घेतलं,
हात रिकामाच वाटला.
टाकायचं म्हणून बांधापर्यंत गेलो,
आणि परत आणून स्टार्टरवर ठेवलं.

आता आत कोणी नाही.
तरी बोटं वळतातच.
परवा घरी कपड्यांच्या कपाटाला वाजवलं, हलकेच, तीनदा.
बायको म्हणाली, कोणाकडे जायचंय?
मी चौऱ्याऐंशीवर होतो.
बोललो नाही.